लाइनवर राहा

गाणी चालू झाली की मी आत जाते.
एकेक गाणं तीन मिनिटांचं,
दुधाला उकळी येईपर्यंत.
सगळ्या जगाच्या भाषा, माझ्यापुरता नुसता वारा.
निवेदक आले की निनाद हाक मारतो,
"मावशी, तुमची माणसं आली."

माझीच माणसं.
बत्तीस वर्षं मी नाशिकच्या एक्सचेंजला
ट्रंक बोर्डावर बसले.
कानाला हेडफोन, पुढ्यात भोकंच भोकं,
एका हातात दोरी, दुसऱ्यात पेन्सिल.
ओझरहून बंगलोर,
देवळाली कॅम्पातून जालंधर,
लासलगावहून कलकत्ता, कांद्याचा भाव, घाईत.
तेव्हा कुठे माहीत होतं
की दूर कुणी बाई मखमली झग्यात
दिव्यांखाली हेच काम करते:
हॅलो, ऐकू येतंय का? तुमची मतं सांगा.

निनाद माझा भाडेकरू, हिरावाडीत वरच्या खोलीत.
सातपूरला रात्रपाळी नसली की
जुन्या-जुन्या स्पर्धा शोधतो, टीव्हीवर लावतो.
काळ्या-पांढऱ्या वर्षातली ती एकटी,
ताठ, जणू दाखवायला आणलेली.
हातात कागद, आणि कागद थरथरत नव्हता.
मग ते चष्मेवाले गृहस्थ,
तीन भाषांत एकच विनोद,
तिसऱ्यांदा कुणी हसेना तेव्हा स्वतःच हसले.
मग रंग आले.
रंगांबरोबर एक, जिची खांद्याची शिवण उसवली होती,
सबंध रात्र कोपर अंगाला चिकटवून बोलली.
निनादला दिसलं नाही. मला दिसलं.
मग जोड्या आल्या, तिघं, चौघं,
एकेक वाक्य वाटून खाणारे.
ते मला पटत नाही.
बोर्डावर माणूस एकटं असावं.

गोदाकाठी आमचा दुतोंड्या मारुती,
पूर कुठवर आला ते त्याच्या अंगावर मोजायचं.
निवेदकही तसाच.
एक तोंड सभागृहाकडे, एक कॅमेऱ्याकडे,
पाणी छातीला लागलं तरी
दोन्ही तोंडं हसरी.

एका साली एका राजधानीची लाइन लागेना.
खरखर.
माझा हात आपोआप मांडीवरून उठला, दोरी शोधत.
तो पोरगा, नुकती दाढी फुटलेला, घाबरला नाही.
म्हणाला, आम्ही थांबतो.
निनादने अर्थ सांगितला, पण मला आधीच कळला होता.
त्या वाक्याची चाल सगळीकडे एकच.

खरी परीक्षा शून्याची.
सगळे देश बोलून झाले
आणि एका मुलीच्या नावापुढे काहीच नाही.
ती बाकावर, झेंडा मांडीवर, हसू जुळवतेय.
हे तोंडाने म्हणायचं कसं?
एक जण भरभर म्हणून गेला.
एकीने आवाज गोड केला, ते त्याहून वाईट.
त्या काळ्या-पांढरीने मात्र आकडा वाचला
आणि पुढचं नाव घेण्याआधी
एक श्वास रिकामा ठेवला.

तसा मी एकदा ठेवला होता.
सिन्नरच्या विडी कारखान्यात गुंजाळांना
जालन्याहून कॉल.
पलीकडे कुणी बोलतच नव्हतं, नुसतं रडणं.
नियम असा, वेळ संपली की मध्ये पडून विचारायचं,
"तीन मिनिटं झाली, वाढवायची?"
मी घड्याळ बघितलं.
बघितलं आणि नाही बघितलं.
तिकिटावर तीनच लिहिली.

आता यंदाची. चकचकीत,
कानातलं यंत्र दिसतसुद्धा नाही.
आतून कुणीतरी सांगतंय तिला,
ताण, अजून ताण, मोजणी व्हायचीय.
ती बोलते. हवेबद्दल, टाळ्यांबद्दल,
स्वतःच्या आईबद्दल, काहीही.
"बोअर करतेय, मावशी. पुढे ढकलू?"

नको, म्हटलं.
लाइनवर आहे ती.